बीगल पिल्लू पहिल्याच वळणावर सशाचा माग सोडतं: कारणं आणि उपाय

पिल्लू सात-आठ महिन्यांचं होतं. ससा उठतो, पिल्लू घसा ताणून भुंकत त्याच्या मागे सुटतं आणि ऐकणाऱ्याचं काळीज सुपाएवढं होतं. मग शंभर-दीडशे पावलांवर आवाज एकदम बंद. थोडा वेळ झुडपं हलताना दिसतात, आणि पिल्लू शेपटी हलवत आपल्या पायाशी येऊन उभं राहतं. पुढच्या शनिवारी तेच, त्याच्या पुढच्याही शनिवारी तेच. नवीन बीगल घेतलेल्या बहुतेकांकडून मी हीच तक्रार ऐकतो. निदानही त्यांनी आधीच करून ठेवलेलं असतं: याला नाकच नाही.

बीगलमध्ये नाकाचा दोष क्वचितच सापडतो. वास संपल्यावर पुढे काय करायचं हे पिल्लाला अजून कळलेलं नसतं. ते त्याला फक्त ससाच शिकवू शकतो, आणि आपण मध्ये न पडलो तरच.

हे सगळं मी अमेरिकेच्या पूर्व भागातल्या कॉटनटेल सशाबद्दल लिहितोय. नॉर्थ कॅरोलायनाच्या पीडमाँट पट्ट्यात, लाल मातीच्या, ब्लॅकबेरीच्या काट्यांनी आणि तोडलेल्या पाइनच्या जागी माजलेल्या झुडपांनी भरलेल्या रानात हाच ससा असतो. उत्तरेकडच्या मेन किंवा मिनेसोटा राज्यांतला स्नोशू हेअर हा ससा मागे कुत्रं लागल्यावर फार मोठा वळसा घेतो, तिथे पिल्लू शिकवण्याचं गणित बदलतं.

वळणावर नेमकं काय होतं

कॉटनटेल किलो-सव्वा किलोचा प्राणी. त्याचा रोजचा वावर काही एकरांचाच, आणि तेवढ्या जागेतली प्रत्येक जाळी, प्रत्येक पडलेला ओंडका त्याला पाठ असतो. म्हणून मागे कुत्रं लागलं तरी तो मुलूख सोडून पळत नाही. पुढे जातो, वळसा घेतो आणि जिथून उठला त्याच्या आसपास परत येतो. बीगलने केलेली सशाची शिकार या सवयीवरच उभी आहे. शिकारी ससा उठला त्या जागेजवळ उभा राहतो आणि कुत्र्याचा आवाज फिरून आपल्याकडे यायची वाट पाहतो.

पण त्या वळशात ससा सरळ रेषेत धावत नाही. काटकोनात वळतो. आपल्याच मागावर थोडा उलटा येतो आणि मग बाजूला लांब उडी मारतो. उघड्या मातीच्या वाटेवरून किंवा डांबरी रस्त्याच्या कडेने जातो, जिथे वास टिकत नाही. कधी दबा धरून नुसता बसून राहतो. कधी ग्राउंडहॉगच्या (बीळ खणणारा, घुशीसारखा पण मोठा प्राणी) बिळात शिरतो. कॉटनटेल स्वतः बीळ खणत नाही, पण दुसऱ्याचं आयतं बीळ संकटात वापरतो. या प्रत्येक ठिकाणी माग तुटतो. हाउंड, म्हणजे माग काढणारी शिकारी कुत्री, पाळणारे अशा जागेला ‘चेक’ म्हणतात, मीही तोच शब्द वापरतो.

जाणतं कुत्रं चेकवर काय करतं ते एकदा शांतपणे बघा. वास संपल्याचं कळताच ते भुंकणं थांबवतं, वेग तोडतं, वास शेवटचा जिथे होता तिथे परत येतं. त्या जागेभोवती आधी अगदी जवळून हुंगतं, मग घेर थोडा वाढवतं, मग आणखी. ससा उजवीकडे गेलेला असो, डावीकडे किंवा उलटा, त्या घेरात तो कुठेतरी सापडतोच. मग पुन्हा आवाज. अमेरिकन केनेल क्लबच्या बीगल फील्ड ट्रायलच्या, म्हणजे रानात माग काढण्याच्या स्पर्धेच्या, नियमांत गुण आणि दोष नावानिशी दिलेले आहेत. चिकाटी, अचूकपणा, धीर हे गुण. आणि चेक सोडून निघून जाणं, घाईघाईने लांबवर घेर टाकणं, वास नसताना भुंकणं, माग उलट्या दिशेने काढणं हे दोष. तुम्हाला ट्रायलमध्ये कधीच उतरायचं नसलं तरी ही यादी वाचून ठेवा. रानात जे दिसतं त्याला नाव मिळालं की उपाय शोधणं सोपं जातं.

आधी बघा, मग उपाय करा

पुढच्या दोन-तीन वेळी काहीही सुधारायला जाऊ नका. फक्त बघा. पिल्लाचा शेवटचा आवाज कुठून आला तिथे झुडपाला केशरी रिबन बांधा. गळ्यात जीपीएस पट्टा असेल तर घरी आल्यावर त्याची रेघ नीट पाहा. जमीन कशी होती, गवत ओलं होतं की कोरडं, ससा कोणत्या बाजूला गेला, आवाज बंद झाल्यावर पिल्लू पुढे किती गेलं आणि त्या जागी परत आलं की नाही, एवढं टिपलंत तरी कारण बहुतेक वेळा समोर येतं.

सर्वांत जास्त आढळणारं कारण वेगाचं. ससा वळला ते पिल्लाला कळतच नाही, ते उत्साहाच्या भरात वीस-पंचवीस पावलं तसंच पुढे जातं. काही पिल्लं तर वास संपल्यावरही त्याच जोरात भुंकत राहतात. भानावर येईपर्यंत ती कोऱ्या जमिनीवर असतात आणि परत कुठे जायचं ते त्यांना ठाऊक नसतं. यावर दाट काट्यांची जाळी हा उत्तम इलाज आहे. उघड्या कुरणात सोडण्याऐवजी अशा झुडपात सोडा जिथे पिल्लाला जोरात धावताच येणार नाही. बीगलची कमी उंची आणि दाट, राठ केस अशाच जागेसाठी आहेत. काट्यांतून चालताना नाक आपोआप मागावर राहतं, आणि वळण चुकलं तरी दोन-चार पावलांनीच चुकतं. तेवढं मागे येणं कच्च्या पिल्लालाही जमतं.

दुसरं कारण डोळ्यांचं. पिल्लाला गोडी लागावी म्हणून बरेच जण कापलेल्या गवतावर ससा दिसेल अशा जागी त्याला सोडतात. सुरुवातीला दोन-चार वेळा हे ठीक. पण ते महिनोन्महिने चाललं तर पिल्लू मान वर करून पळायला शिकतं, आणि ससा दिसेनासा झाला की त्याच्यापुरता खेळ संपतो. आपल्याकडे कारवानी किंवा मुधोळ कुत्री पाहिलेल्या माणसाच्या मनात शिकारी कुत्रा म्हटलं की तीच आकृती येते: लांब पाय, नजर समोर, वाऱ्यासारखा वेग. ती कुत्री दिसणाऱ्या सावजासाठी घडलेली आहेत आणि त्या कामात त्यांना तोड नाही. बीगलचं काम सावज नजरेआड झाल्यावर सुरू होतं. त्यामुळे सोलापूर-सांगलीकडच्या मंडळींनी पिल्लू जोखताना वेगाची ती मोजपट्टी बाजूला ठेवावी.

उपाय साधा आहे. ससा उठला की पिल्लाला धरून ठेवा, ससा पूर्ण दिसेनासा होऊ द्या आणि चार-पाच मिनिटं थांबा. मग पिल्लाला मागावर न्या. नेताना एक काळजी घ्या: मागाच्या रेषेवर सरळ नेऊन नाक टेकवू नका, रेषेला आडवं न्या, म्हणजे ससा कोणत्या दिशेला गेला हे पिल्लू स्वतः ठरवेल. नाक धरून दाखवलेल्या पिल्लाला दिशा आपल्या हाताकडून कळते, आणि मग हात नसेल तेव्हा ते उलटा माग काढतं.

उलट्या मागाची खूण अशी की आवाज हळूहळू विरळ होत जातो, कारण पिल्लू ताज्या वासाकडून शिळ्या वासाकडे चाललेलं असतं. अशा वेळी ओरडू नका. जाऊन शांतपणे उचला आणि पुढे आणून पुन्हा आडवं सोडा.

आपणच केलेली मदत

आता मुख्य कारण. यावर मी जास्त लिहिणार आहे, कारण वरचे सगळे उपाय करूनही ज्यांचं पिल्लू सुधारत नाही त्यांच्याकडे बहुधा हेच घडत असतं.

माग तुटतो. रान शांत होतं. मालक वीस पावलांवर उभा असतो, आणि ससा कुठून गेला ते त्याने पाहिलेलं असतं. त्याला राहवत नाही. तो ‘इकडे, इकडे!’ म्हणून हाक मारतो, पिल्लू धावत येतं, मालक बोट दाखवतो, पिल्लाला वास मिळतो आणि पुन्हा भुंकणं सुरू होतं. मालकाला वाटतं, मदत झाली. पिल्लू मात्र शिकतं की वास संपला की धन्याकडे जायचं. पुढच्या वेळी माग तुटताच ते पायाशी येऊन उभं राहतं, आणि ज्याने त्याला तसं शिकवलं तोच माणूस म्हणतो, याला नाक नाही.

म्हणून चेकवर गप्प उभं राहायचं. हाक नाही, शिट्टी नाही, पुढे चालत जाणंही नाही, कारण आपण हललो की आपल्या पायांचा वास ताज्या मागावर पसरतो आणि पिल्लाचं लक्ष आपल्याकडे वळतं. पिल्लू पायाशी आलं तर त्याच्याकडे बघू नका, त्याला थोपटू नका. झाडासारखं उभं राहिलात तर बहुतेक पिल्लं थोड्या वेळाने कंटाळून पुन्हा नाक खाली घालतात. दहा-पंधरा मिनिटं थांबायची तयारी ठेवा. हिवाळ्याच्या सकाळी ती खूप लांब वाटतात, पण पिल्लू खरं काही शिकत असतं ते त्याच वेळात.

एवढं थांबूनही काही झालं नाही तर तो ससा सोडून द्या. पिल्लाला पट्टा लावा, दुसऱ्या बाजूला जा, नवीन ससा उठवा. सुटलेला ससा पिल्लाला दाखवायला जाऊ नका. आणि ज्या दिवशी पिल्लू स्वतःहून एक वळण सोडवेल त्या दिवशी, पुढचा वळसा पुरा झाला की, त्याला उचलून घरी न्या, मग अजून सकाळचे नऊ का वाजलेले असेनात. दमेपर्यंत पळवून चार फसलेल्या चेकवर दिवस संपवण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

याच प्रकारची दुसरी मदत कुंपणातली. बऱ्याच राज्यांत पिल्लांना तयार करण्यासाठी ससे सोडलेली कुंपणबंद रानं असतात, त्यांना ‘स्टार्टिंग पेन’ म्हणतात. पिल्लाला पहिला ससा भेटवायला ती फार सोयीची. पण तिथे ससे इतके असतात की माग तुटला तरी चार पावलांवर दुसरा ससा उठतो. पिल्लाला चेक सोडवायची गरजच पडत नाही. ते एका सशावरून दुसऱ्यावर उड्या मारत राहतं, आवाज सतत येत राहतो आणि मालक खूष. मग तेच पिल्लू मोकळ्या रानात, जिथे एका शेतात एखाद-दुसराच ससा, पहिल्या वळणावर गोंधळतं. कुंपणातून आलेलं पिल्लू बाहेर अडतंय असं दिसलं तर त्याला परत कुंपणात नेऊ नका. कमी ससे असलेल्या जागी एकट्याने सोडा आणि वेळ द्या.

तिसरी मदत म्हातारं कुत्रं करतं. जाणत्या कुत्र्याबरोबर सोडलं की पिल्लू लवकर तयार होतं, असं सगळे सांगतात. ससा म्हणजे काय आणि रानात काय करायचं असतं हे त्याला त्यातून लवकर कळतं, हे खरं. पण चेक म्हातारं सोडवतं आणि पिल्लू फक्त त्याच्या मागे भुंकत धावतं. माझं मत स्पष्ट आहे: ओळख होण्यापुरतं बरोबर सोडा, त्यानंतर बराच काळ एकट्यालाच सोडा. बरोबर सोडायचंच असेल तर संथ, काटेकोर कुत्रं निवडा. वेगवान कुत्र्याच्या मागे धावणाऱ्या पिल्लाचं वळणं चुकवण्याचं प्रमाण आणखी वाढतं.

हवा, जमीन आणि दोरीचा सराव

कधी कधी दोष कुणाचाच नसतो. कोरडी जमीन, जोराचा वारा, चढलेलं ऊन यात जाणती कुत्रीही अडखळतात. जोराचा पाऊस पडला तर आधीचा माग धुऊन जातो. दमट, थंड आणि वारा पडलेली सकाळ पिल्लासाठी उत्तम. दहिवर वितळत असताना वास छान उठतो. म्हणून ठरवलेल्या शनिवारी हवा वाईट असेल तर पिल्लाला घरी ठेवा. मोठं कुत्रं वाईट दिवस विसरतं, पिल्लू त्यातून सोडून द्यायला शिकतं.

रान उपलब्ध नसेल त्या दिवसांत घराजवळ ओढीचा सराव करता येतो. सशाच्या कातड्याचा तुकडा दोरीला बांधा आणि लांब काठीच्या टोकाला धरून ओढा, म्हणजे आपल्या पावलांचा माग आणि वासाचा माग वेगळे राहतील. चाळीस-पन्नास पावलं सरळ, मग एक काटकोन, मग पुन्हा वीस पावलं आणि शेवटी खाऊ. पंधरा-वीस मिनिटांनी पिल्लाला लांब दोरीवर सोडा. काटकोनाच्या पुढे ते जाईलच. तिथे दोरी ताणू नका आणि वळवू नका, जागीच थांबा. पिल्लू फिरून आलं आणि वळण सापडलं की दोरी सैल सोडा आणि त्याच्या मागे चाला. हळूहळू वळणं वाढवा, एखाद्या ठिकाणी कातडं उचलून दोन पावलं रिकामी सोडा आणि मग पुन्हा टेकवा; सशाच्या उडीची ही जवळची नक्कल आहे.

पुण्या-मुंबईत बीगल पाळणाऱ्या वाचकांसाठीही हाच सराव आहे, कापडाच्या तुकड्याला उकडलेल्या कोंबडीचा वास लावून. भारतात रानससा वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार संरक्षित आहे, आणि त्या कायद्यात शिकारीच्या व्याख्येत पाठलाग करणं आणि हाकणंही येतं. तेव्हा गावाकडच्या माळावर ‘नुसतं पळवून बघू’ म्हणून बीगल सशामागे सोडणं हाही गुन्हाच आहे. अमेरिकेतही राज्यागणिक नियम वेगळे आहेत. सशांच्या विणीच्या काळात काही राज्यांत रानात कुत्रं सोडायला बंदी असते, परवाना लागतो, केशरी जाकीट लागतं. आपल्या राज्याच्या वन्यजीव खात्याची त्या वर्षीची पुस्तिका वाचल्याशिवाय पिल्लू सोडू नका.

शरीराकडे बघायचं कधी

आधी माग नीट काढणारं पिल्लू अचानक बिघडलं तर शिकवणी थांबवा आणि पशुवैद्याकडे जा. गवताचं कुसळ नाकात अडकलेलं असू शकतं: एकाच नाकपुडीतून स्राव येतो आणि पिल्लू सारखं शिंकतं. पाणी कमी पडलेलं, तोंड उघडून धापा टाकणारं कुत्रं नीट हुंगू शकत नाही, म्हणून पाणी सोबत ठेवा आणि मध्ये मध्ये पाजा. जुलाबासाठी दिलं जाणारं मेट्रोनिडाझोल काही कुत्र्यांची वास ओळखण्याची क्षमता तात्पुरती कमी करतं, असं स्फोटकं हुंगणाऱ्या कुत्र्यांच्या अभ्यासात दिसलं आहे. ते चालू असेल तर पशुवैद्याशी बोला आणि त्या दिवसांतल्या कामावरून पिल्लाला जोखू नका.

एक गोष्ट बीगल पाळणाऱ्या प्रत्येकाला माहीत असायला हवी. सहा ते अठरा महिन्यांच्या बीगलमध्ये मेंदू आणि मज्जारज्जूच्या आवरणांना सूज येण्याचा एक आजार आढळतो. मान ताठ होते, खाली करताना दुखते, ताप येतो, पिल्लू पाठीची कमान करून चालतं. रानात त्याचं पहिलं चिन्ह ‘नाक खाली घालत नाही’ एवढंच दिसू शकतं, तेही नेमकं शिकवणीच्या वयात. याला हट्ट समजून शिक्षा झालेली पिल्लं असतात, ते ऐकून वाईट वाटतं. वेळेवर स्टेरॉइडचे उपचार सुरू झाले तर बहुतेक पिल्लं चांगली बरी होतात.

हरणाबद्दल थोडक्यात, कारण तोही प्रश्न याच वयात येतो. आवाज वळसा न घेता सरळ रेषेत लांब लांब जायला लागला आणि ऐकू येईनासा झाला, तर ते बहुधा हरण आहे. पिल्लाला लगेच गाठा, उचला, त्या भागातून बाहेर काढा. विजेचा पट्टा कोवळ्या पिल्लाला लावू नका. मोठ्या कुत्र्यालाही तो समोर हरण आहे याची शंभर टक्के खात्री असेल तरच. सशाच्या मागावर असताना एकदा जरी झटका बसला तरी चांगलं कुत्रं सशाला घाबरायला लागतं.

बंदुकीची घाई करू नका. पिल्लू स्वतःहून चेक सोडवून ससा वळशाने परत आणू लागलं की मगच. पहिला बार ते पुरतं मागावर रमलेलं असताना, आणि लांबून. ते दचकून थांबलं तर त्या दिवशी दुसरा बार काढू नका; पुढच्या वेळी आणखी अंतर ठेवा. पहिला ससा पडल्यावर पिल्लाला माग शेवटपर्यंत काढत तिथवर येऊ द्या, धावत जाऊन ससा उचलू नका. त्याला तो मनसोक्त हुंगू द्या, पण कच्चा खाऊ देऊ नका, सशाच्या आतड्यांभोवतीच्या भागातून कुत्र्याला टेपवर्म होतो. ससा सोलताना हातात रबरी मोजे घाला, ट्युलरेमिया हा जिवाणूंचा आजार सशाकडून माणसालाही होतो. मग पिल्लाचे पंजे, कान आणि डोळ्यांचे कोपरे काट्यांसाठी आणि गोचिडांसाठी तपासा, पाणी पाजा आणि त्याला गाडीत झोपू द्या.